दाबलेलं पुन्हा दाबायचं नसतं

काशा,

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं की टाळण्याचीच सवय लागून गेली. पावणे गावातल्या आपल्या दुरुस्तीच्या गाळ्यात चहा पिताना टाळलं, तुझ्या मेघाच्या लग्नात टाळलं, आणि अगदी परवा-परवा दवाखान्यात तुझ्या उशाशी बसूनही टाळलं. आता तू नाहीस, तेव्हा लिहायला बसलोय. यावर तू काय म्हणाला असतास तेही मला ऐकू येतं : "ओहोटी लागल्यावर होडी काढतो काय रं, वश्या?"

काढतोय. चिखलातून ढकलत न्यावी लागली तरी आज काढतोय.

निमित्त मेघाचं. ती तुझ्या आठवणींची एक छोटी पुस्तिका छापतेय, गावात, नात्यात आणि आपल्या धंद्यातल्या जुन्या माणसांत वाटायला. तुझं दहावं झालं त्या दिवशी तिने मला बाजूला घेतलं. "काका, पहिला लेख तुमचा. बाबांबरोबर सगळ्यात जास्त तुम्हीच होतात." मी हो म्हणालो. मग ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "आणि काका, ते फुग्याचं खरं काय झालं होतं तेपण लिहा ना. बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, मी बंद केलं होतं म्हणून."

मी तिला विचारलं, प्यायचं पाणी कुठे ठेवलंय?

त्याच्या थोडं आधी हॉलमध्ये जे झालं ते तुला आवडलं असतं. शोकसभा म्हणून सगळे ताठ बसले होते. तुझ्या फोटोला घातलेला हार सारखा घसरत होता आणि तू त्यातून मिस्कील बघत होतास. आपला केबलवाला सुर्वे बोलायला उठला. दोन वाक्यं रडवेली बोलला आणि मग त्याला राहवेना.

"काशाभाऊ म्हणजे काय माणूस होता! एकदा न्हावा शेव्याच्या बंदरावर एका शेठच्या ऑफिसातून मोडेमवरनं फाइल पाठवायची होती. भाऊंनी काय केलं? फाइल दाबली. परत दाबली. आणि ती फुगली! अरे, दाबली तर फुगली! तेव्हापासून भाऊंचं नाव पडलं फुग्या."

सगळा हॉल हसला. हिरावहिनी डोळे पुसता पुसता हसल्या. मी पण हसलो, काशा.

खांदेश्वरला घरी येईपर्यंत ते हसू माझ्या तोंडात कडू होऊन बसलं होतं.

पण मुख्य गोष्टीवर येण्याआधी मला मोडेमबद्दल बोलायचंय. हे टाळणं नाही, शपथ. ही पुस्तिका वाचणारे निम्मे लोक वायफायवर वाढलेत. आपण काय करत होतो ते कळलं नाही तर मी काय केलं ते त्यांना कळणार नाही. आणि खरं सांगू? ते दिवस आठवले की या वयातही मला आनंदाच्या उकळ्या फुटतात. तू असतास तर मला ढकलून स्वतःच सांगायला लागला असतास. आज माझी पाळी.

तर मंडळी, टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी टाकलेली. तिच्यातून फार खालचा सूर जात नाही, फार वरचा जात नाही. मधला तेवढा अरुंद बोळ. आणि कॉम्प्युटरला बोलता येतं फक्त एक आणि शून्य. मग मोडेम मध्ये उभं राहतं आणि एक-शून्याचा आवाज करतं. पलीकडचं मोडेम तो आवाज ऐकतं आणि त्याचे पुन्हा एक-शून्य करतं. अगदी सुरुवातीची यंत्रं साधी होती : एक सूर म्हणजे एक, दुसरा सूर म्हणजे शून्य. म्हणजे त्या बोळातून एका वेळी एक पोतं न्यायचं.

मग हुशार लोकांनी शोधून काढलं की आवाजाच्या एकाच ठोक्यावर पुष्कळ पोती लादता येतात. लाटेची उंची किती आणि लाट कुठून सुरू होते, या दोन गोष्टी ठरवल्या की एका ठोक्यात कितीतरी आकडे जातात. आपण दोघांनी एकाच पॉलिटेक्निकच्या एकाच बाकावर बसून हे घोकलं होतं, पासही झालो होतो. पण समजलं कधी? तू मला न्हावा शेव्याच्या यार्डाबाहेर उभा करून समोरच्या कंटेनरांच्या थप्प्या दाखवल्यास तेव्हा.

"बघ, ह्ये डबे. तू मला नुसतं सांग, अमुक रांग, तमुक मजला. किती डबे आले त्यात?"

"एकच."

"एकच! इशारा एक, डबा एक, आनि डब्यात माल किती? भरून! तसा प्रत्येक ठोका म्हंजे एका डब्याकडं बोट हाय. डबे जास्त केले का एका बोटात जास्त माल."

"मग हजारो डबे ठेवायचे की."

"ठेव ना! आनि धुकं पडलं मंग? डबे चिकटून ठेवलेस तर बोट कोन्त्या डब्यावर हाय ते पलीकडच्याला दिसतं काय?"

काशा, त्या क्षणी मला तारेतली खरखर म्हणजे धुकं, असं डोळ्यांनी दिसलं. लाइन खराब असली की मोडेम हळू का बोलतं ते कळलं : ते डबे कमी करतं, लांब लांब मांडतं. मी तिथे रस्त्यात उडी मारली. एका ट्रेलरवाल्याने मला शिवी घातली आणि तू त्याला ओरडून सांगितलंस, "डिस्टर्ब करू नको त्याला, पास झाला तो!"

आणि तो जोडणीचा आवाज! लोकांना ती नुसती किंचाळी वाटायची. तू ती तोंडाने हुबेहूब काढायचास आणि मध्ये मध्ये भाषांतर करायचास. माझ्या मुलाच्या लग्नात ऑर्केस्ट्रावाल्याचा माइक ओढून तू सादर केलेलं अजून माझ्या व्याह्यांच्या लक्षात आहे. टूं... "कोन हाय?" टीं... "मी हाय." खर्र... "तारेत खरखर हाय काय?" खर्र खर्र... "हाय थोडी." ट्यांव... "किती जोरात बोलू?" ... "झेपेल तेवढं बोल, बाबा!" मग एकदम शांतता, आणि तू हात जोडून म्हणायचास, "जमलं लग्न!"

व्याही मला हळूच म्हणाले होते, "हे तुमच्याकडचे का?" मी म्हणालो, माझ्याकडचेच.

आता दाबण्याबद्दल. आपल्या धंद्यातला सगळ्यात सुंदर भाग. लोकांना वाटतं दाबणं म्हणजे चेपणं. तू चिडायचास. "चेपत नाय रे कोन! आधी ठरवून घेतात!" आणि मग तू आईची गोष्ट सांगायचास. तुझे वडील खाडीपलीकडच्या मिठागरात कामाला, आणि तुझी आई बांधावर काठीला कापड लावायची. एक कापड म्हणजे जेवण तयार आहे. दोन कापडं म्हणजे घरी पाहुणे आलेत, येताना मासळी घेऊन या. एवढ्या मोठ्या वाक्याला दोन चिंध्या! कारण वाक्य आधी एकदा समोरासमोर बोलून झालेलं होतं.

मोडेमपण तेच करतं. जे पुन्हा पुन्हा येतं त्याला छोटी खूण देतं, आणि कुठल्या खुणेचा काय अर्थ हे दोन्हीकडची यंत्रं जाता जाता सारखंच शिकत जातात. पहिल्यांदा पूर्ण सांगायचं, दुसऱ्यांदा नुसती खूण करायची. सुर्वे बोलला त्या शेठच्या कंटेनरांच्या यादीत तर प्रत्येक ओळीत तेच बंदर, तेच जहाज, तीच कंपनी. ती यादी अशी दाबली जायची की तू टाळ्या वाजवायचास.

तुझा एकच नियम होता, आणि तो तू गाळ्यात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचास : दाबलेलं पुन्हा दाबायचं नसतं. फाइल आधीच कॉम्प्युटरवर दाबून घेतली असेल तर मोडेमचं दाबणं बंद ठेवायचं. कारण दाबलेल्या फाइलमध्ये पुन्हा पुन्हा येणारं काही उरलेलंच नसतं. मोडेम बिचारं शोधत बसतं, सापडत काही नाही, आणि आपल्या खुणा मात्र वर चिकटवत जातं. नंतरची मोडेमं शहाणी होती, ती ओळखून गप्प बसायची. पण शेठच्या मुंबईतल्या फोर्टच्या ऑफिसात जुनं यंत्र होतं, त्यामुळे इकडेही त्याच्याच चालीने चालावं लागायचं. "सुकी मासळी परत उन्हात टाकली तर आनखी सुकत नाय," तू म्हणायचास. "नुस्ती धूळ बसते आनि वजन वाढतं."

बंद करायची आज्ञा अजून माझ्या बोटांत आहे. एटी, टक्के, सी, शून्य. चालू करायची असेल तर शेवटी शून्याऐवजी एक. तू ती टाइप करताना ओठांतल्या ओठांत म्हणायचास, जेवणाआधी कोणी श्लोक म्हणावा तशी.

आता तो दिवस.

शेठ न्हावा शेव्यातले क्लिअरिंग एजंट. जहाज लागलं की त्यातल्या कंटेनरांची यादी फोर्टच्या ऑफिसात पाठवायची, तिथून कागद पुढे सरकायचे, मग माल सुटायचा. ते काम आपण त्यांना बसवून दिलं होतं. त्या दिवशी यादी नेहमीपेक्षा खूपच मोठी होती आणि दुसऱ्या दिवसापासून सुट्ट्या लागत होत्या. फोर्टचं ऑफिस बंद व्हायच्या आत यादी पोचली नाही तर माल सुट्ट्या संपेपर्यंत यार्डात. शेठ आपल्या मागेच येऊन उभे राहिले होते.

"काशिनाथ, आज जादू दाखवायची हां. बाकी मला काय समजत नाय."

"शेठ, आपन हाय ना," तू म्हणालास. "यादी आधीच दाबून घेतलीय. आता मोडेमचं दाबनं बंद. एटी, टक्के, सी, शून्य. झालं." मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत होतो. तुझं बोट शून्यावर पडताना मी पाहिलं, काशा. माझ्या या डोळ्यांनी पाहिलं.

मग लाइन खरखरायला लागली. तू म्हणालास, "वश्या, मी खाली टेलिफोनच्या डब्यातली जोडनी बघून येतो. मी हाक मारली का लाव फोन." आणि जिना उतरून गेलास.

शेठ घड्याळ बघत होते. मला म्हणाले, "तू काय करतोस रे? सगळं तर तोच करतो."

हे एवढंच. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही, आणि मी ते खूप वर्षं शोधलंय. एवढं एक वाक्य मला लागलं. मोडेमच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं की दाबणं चालू असेल तर वेग दुप्पट. तुझा नियम मला पाठ होता, पण तो तुझा नियम होता. मला वाटलं, आज इतकी मोठी यादी आहे, थोडातरी फायदा होईलच. तू वर येईपर्यंत यादी पोचलेली असेल, आणि मग मी शेठना सांगेन की हे मी केलं. मी टाइप केलं : एटी, टक्के, सी, एक.

खालून तुझी हाक आली, "लाव!" मी लावला.

तू वर आलास तेव्हा यादी जात होती. तू पडद्यावर सरकणारी पट्टी बघितलीस आणि कपाळाला आठी घातलीस. "ही एवढी रेंगाळते का रं?" मी म्हणालो, लाइन खराब आहे. ती खराब होतीच. पट्टी रेंगाळत रेंगाळत जवळजवळ टोकाला गेली आणि लाइन तुटली. आपला तेव्हाचा प्रोग्राम असा की तुटलं की सगळं पहिल्यापासून. पुन्हा लावेपर्यंत फोर्टचं ऑफिस बंद झालं होतं. एवढी फुगली नसती तर लाइन तुटायच्या आत यादी पोचली असती, हे आपल्या दोघांनाही दिसत होतं.

तू मोडेमची सेटिंग उघडलीस. "आयला. दाबनं चालू? चालू कसं?"

मला तेव्हा बोलता आलं असतं. सोपं होतं. शेठ ओरडले असते, तू माझ्या टाळक्यात मारली असतीस, रस्त्यावर वडापाव खाताना शिव्या घातल्या असत्यास आणि विषय संपला असता. मी म्हणालो, "तू बंद करायला विसरलास वाटतं."

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. तू तुझ्या हाताकडे बघितलंस.

"मी केलं होतं रं," तू म्हणालास. "शून्य दाबलं होतं. मला आठवतंय."

"घाईत होतास," मी म्हणालो.

शेठ जे बोलले ते इथे लिहीत नाही, मेघा वाचणार आहे. शेवटी म्हणाले, "याच्यापुढे हा माणूस माझ्या मशीनला हात लावणार नाय. वसंत, तू एकटा ये." आणि मी एकटा जायला लागलो. ज्या बंदरावर तू मला डबे दाखवून शिकवलंस, तिथे तू पुन्हा कामाला आला नाहीस. तू पावण्याच्या गाळ्यात मोडेमं दुरुस्त करत बसलास आणि मी संध्याकाळी येऊन तुला बंदराच्या बातम्या सांगायचो. तू विचारायचास, "नवीन क्रेन आली म्हनतात, कशी हाय?" मी वर्णन करायचो.

धंद्यातल्या लोकांनी तुझं नाव फुग्या ठेवलं. ते तू हसून घेतलंस. पुढे पुढे ती गोष्ट तूच रंगवून सांगायला लागलास, फाइल फुगतानाचा आवाजपण काढायचास. नाव तुला लागलं नाही, ते मला माहीत आहे. लागलं ते वेगळंच. "आपन हाय ना" म्हणणारा माणूस त्या दिवसापासून एक आज्ञा तीनदा तपासायला लागला. गाळ्याचं कुलूप लावून झाल्यावर परत येऊन ओढून बघायला लागला. गॅस बंद आहे ना ते पुन्हा पुन्हा बघतोस म्हणून हिरावहिनी हसायच्या तुला. तुझ्या हातावरचा तुझा भरवसा गेला होता आणि तो कुठे गेला हे मला एकट्याला ठाऊक होतं.

आणि तरी तू तो वाद सोडला नाहीस! हे मला आज आठवून इतका आनंद होतोय, काशा. मध्येच कुठेही, भाजी घेताना, कोणाच्या बारशाला, तू माझं कोपर धरायचास : "वश्या, मी शून्य दाबलं होतं." मी म्हणायचो, सोड ना आता. दोन दिवस गप्प बसायचास, मग पुन्हा. दवाखान्यातसुद्धा, नाकाला नळी असताना. नर्स म्हणाली बोलू नका, आणि तू तिला म्हणालास, "एवढंच बोलतो." मग माझ्याकडे वळून म्हणालास, "मी बंद केलं होतं रं." मी तुझी चादर सारखी करत म्हणालो, "आता कशाला तो विषय."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलास. आपलं शेवटचं बोलणं ते.

आपला दुसरा एक वाद राहिलाय. फोनवरचे फोटो पाठवताना दाबले जातात आणि त्यातलं थोडं कायमचं टाकून दिलं जातं, यावर तू भयंकर चिडायचास. "आपलं दाबनं उलगडलं का अक्षर न अक्षर परत येतं. ह्ये तर चोरी हाय!" मी म्हणायचो, डोळ्याला कळत नाही तर काय बिघडलं? तो वाद तू जिंकलास. सुर्वेने हॉलमध्ये सांगितलेली गोष्ट त्या फोटोंसारखीच होती. त्यातलं एकच वाक्य मी टाकून दिलं होतं, आणि इतक्या वर्षांत कोणाच्या डोळ्याला कळलं नव्हतं. मेघा, हे सगळं छाप. लांबलं तरी एक ओळही कापू नकोस.

मला वाटायचं मी तुला सांगतच आलोय. गाळ्याच्या पाटीवर तुझं नाव माझ्या नावाच्या वर घातलं. तुझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनला वहिनींच्या आधी मी जाऊन बसलो. खांदेश्वरहून तुझ्याकडे येताना कधी रिकाम्या हाताने आलो नाही. तू प्रत्येक वेळी म्हणायचास, "लय करतो रं वश्या माझ्यासाठी," आणि मला वाटायचं, पोचलं.

पोचलं नव्हतं. नुसत्या खुणा होत्या त्या. तुझ्या आईने ते वाक्य आधी एकदा तुझ्या वडिलांना समोर बसवून सांगितलं नसतं, तर बांधावरची दोन कापडं म्हणजे वाळत घातलेलं धुणं. तुला माझ्या खुणांचा अर्थ प्रेम असा लागला. तोही खोटा नव्हता, पण मी पाठवत होतो ते वेगळं होतं. जे पहिल्यांदा सांगायचं असतं ते दाबता येत नाही, ते पूर्ण लांबीनेच जावं लागतं. हे तूच शिकवलंस आणि मीच घोकलं.

तर हे घे, पूर्ण लांबीने. तू बंद केलं होतंस, काशा. तुझं बोट शून्यावर पडलेलं मी पाहिलं होतं. एक मी दाबला, तू तारेपाशी असताना. आणि मग तू तुझ्या हाताकडे बघत होतास तेव्हा, तो हात बरोबर होता हे ठाऊक असताना, मी म्हणालो की तू विसरलास. तू काही विसरला नव्हतास. माझं चुकलं. मला माफ कर.